पुस्तकात मारलेली बाई

"थांब. दरवाजा आत उघडते का बाहेर, ते सांग पहिले."

कुणीही कसलीही बातमी आणली की बाबूजी आधी हे विचारायचे. चोरी असो, कुणाची सून निघून गेलेली असो, नाहीतर साहेबांच्या घरचं मांजर हरवलेलं असो. दरवाजाचं उत्तर मिळेपर्यंत त्यांना पुढचं काही ऐकूच यायचं नाही. ते मिळालं की डोळे मिटून पेनाचं टोपण उघडबंद करत बसायचे.

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा ते माझ्या शेजारच्या टेबलावर होते. बुटके, पोट सुटलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा कायमचा डाग. असे एखादे बाबूजी तुम्हीही कुठल्यातरी कचेरीत पाहिले असतील. फरक एवढाच, की आमचे बाबूजी दर चार महिन्यांनी एक खून करायचे.

ते रहस्यकादंबऱ्या लिहीत. खिशात मावणारी, रद्दीसारख्या कागदावरची पुस्तकं नागपूरला छापली जायची आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर चिमट्याला टांगलेली दिसायची. वर नाव असायचं ते निवृत्त कर्नलला शोभेल असं. खरं नाव घालायची सोय नव्हती. सरकारी नोकरानं परवानगीशिवाय पुस्तक छापलं तर नोकरीवर बेतायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून पक्की प्रत मी करायचो. त्यामुळं कचेरीत हे फक्त मला ठाऊक होतं.

त्यांच्या गुप्तहेराकडं मुंबईत मोटार होती, फ्लॅट होता. मी एकदा विचारलं, "बाबूजी, तुम्ही मुंबई पाहिली आहे का?"

"नाही. वाचणाऱ्यानं तरी कुठं पाहिली?" ते म्हणाले.

एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला जवळच्या गावची एक विधवा कचेरीत आली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या भातशेतीवर, धानाच्या बांध्यांवर, स्वतःचं नाव चढवायचा अर्ज तिनं आणला होता. बाबूजींनी सवयीनं शाईचा पॅड पुढं सरकवला. तिनं तो परत सरकवला.

"अंगठा नाही जी. सही करतो मी. प्रौढांच्या वर्गात शिकली."

तिनं सही केली. एकेक अक्षर थांबून, जीभ दातांत धरून. बाबूजी इतके खूश झाले की त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला.

दोन महिन्यांनी तिचा दीर आला. गावातला वजनदार माणूस. त्याच्या हातात तिचा दुसरा अर्ज होता : मला जमीन नको, माझा हक्क मी दिरांना सोडते. खाली अंगठा.

बाबूजी त्या अंगठ्याकडं पाहत राहिले. "बाई कुठं आहे?"

"माहेरी गेली."

"तिले घेऊन या. समोर घ्यावं लागते."

"आणीन ना. घाई काय आहे, बाबू?" दीर हसला. जाताना त्यानं बाबूजींच्या मुलीच्या शाळेचं नाव घेतलं, अभ्यास कसा चाललाय म्हणून विचारलं. बाबूजींनी तिच्याबद्दल त्याला कधी काही सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी तो अर्ज पुढं पाठवला नाही, आणि कुणाला काही बोललेही नाहीत. कागद कपाटात ठेवला. आठवड्यानं त्यांनी मला नवी कादंबरी उतरवायला दिली. यावेळी मुंबई नव्हती. एक गाव होतं, तलाव होता, एक विधवा होती. सही येत असताना तिच्या नावानं अंगठा उठला होता. शेवटी ती तलावाच्या तळाशी सापडते, कमरेला जात्याची तळी बांधलेली.

मी पहिल्याच प्रकरणात ओळखलं. "बाबूजी, हे पोलिसांना सांगायला पाहिजे."

"काय सांगू? मले माहीत काय आहे? अंगठा दिसला, एवढंच." मग कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "तू उतरव."

मी उतरवलं. गप्प राहण्यात मीही होतो, हे आज लिहून ठेवतो.

पुस्तक दिवाळीनंतर आलं. पंधरा दिवसांत भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून एक माणूस कचेरीत आला. हायवेवर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक विसरून गेलेलं पुस्तक त्यानं सहज वाचलं होतं. तो त्या विधवेचा भाऊ होता.

"हे लिहिणाऱ्याले इथलं सगळं माहीत आहे," तो म्हणाला. "कचेरी इथली, कपाट इथलं. माझी बहीण तलावात आहे काय, एवढंच सांगा. तिच्या दिरानं मले सांगितलं का ती मावससासूच्या गावी तिच्या सुनेचं बाळंतपण काढाले गेली."

बाबूजींनी पेन खाली ठेवलं. माहेरी गेली, असं दीर आम्हाला म्हणाला होता. आणि माहेर समोर उभं होतं.

त्याच दुपारी, भाऊ बाकावर बसलेला असतानाच, दीरही आला; ते पुस्तक एव्हाना गावात हातोहात फिरत होतं. त्यानं ते पुस्तक टेबलावर उपडं ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसला.  हळूच विचारलं, "हे तुमचंच काय, बाबू?"

मला वाटलं, ते नाही म्हणतील. नाही म्हणणं सोपं होतं. नोकरी होती, मुलगी होती. 

"माझंच आहे," ते म्हणाले. "आता मी पोलीस ठाण्यात जाऊन राहिलो. तुम्ही येता काय?"

त्यांनी कपाटातून दोन्ही अर्ज काढले, सहीचा आणि अंगठ्याचा, आणि भावाला घेऊन चालत ठाण्यात गेले. जबाबाखाली त्यांनी खऱ्या नावानं सही केली.

फौजदारानं पुस्तक वाचलं, दिराला ठाण्यात बसवून ठेवलं आणि गावचा तलाव शोधायला सांगितलं. मासे धरणाऱ्या ढिवरांनी दोन दिवस जाळी टाकली. सगळं गाव तलावाच्या पाळीवर उभं होतं. बाबूजी माझं मनगट धरून उभे होते. जाळं जड लागलं की ढिवर एकमेकांना हाक मारायचे, आणि बाबूजींची बोटं माझ्या हातात रुतायची. एकदा लाकडाचा ओंडका आला. एकदा शिंगाड्याच्या वेलांचा मोठा गुंता आला, आणि तो काठावर सोडवायला चार जण धावले.

"तिथंच असंल," बाबूजी पुटपुटले. "मीच ठेवलं तिले तिथं."

ती तिथं नव्हती. तिसऱ्या दिवशी दिरानं तोंड उघडलं. जंगलाकडच्या एका गावात, नातेवाइकाच्या धानाच्या कोठीमागं, एका खोलीत ती कोंडलेली सापडली. हाडांचा सापळा झाली होती, पण जिवंत होती.

महिन्याभरानं ती भावाबरोबर कचेरीत आली. पुस्तक तिनं भावाकडून वाचून घेतलं होतं. ती बाबूजींच्या टेबलापुढं उभी राहिली. आवाजात राग नव्हता.

"बाबूजी, तुम्ही मले काहून मारलं जी? मी वाट पाहून राहिली होती."

बाबूजी उठून उभे राहिले.  मग त्यांनी सगळ्या कचेरीसमोर तिला हात जोडले. ती गोंधळली, आणि घाईघाईनं तिनंही हात जोडले.

जमीन तिच्या नावावर झाली. परवानगीशिवाय पुस्तकं लिहिल्याबद्दल बाबूजींची पगारवाढ थांबली आणि बदली झाली. प्रकाशकाचं पत्र आलं होतं, अशी आणखी एक खरी गोष्ट द्या, पुस्तक फार चाललं. ते पत्र त्यांनी माझ्यासमोर फाडलं.

निरोपाच्या दिवशी स्टँडवर ते म्हणाले, "ती तिथं रोज कडीचा आवाज ऐके. आणि मी इथं बसून प्रकरणाचा शेवट कसा दचकवंल, याचा विचार करत होतो. बाईचं चांगलं झालं म्हणतात लोक. सहा महिने, बापू. सहा महिने माझ्याकडं कागद होता."

मी त्यांची ट्रंक एसटीत चढवली. पक्की प्रत माझ्याच अक्षरात होती.

पुढं ते निवृत्त होऊन भंडाऱ्याला राहिले. आमची गाठ कमी होत गेली. ते गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. मी घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "पुन्हा गोष्ट लिहिली नाही त्यांनी. सकाळी पेपर आला का हरवलेल्या माणसांच्या जाहिराती वाचत. पत्ता पाहून कार्ड टाकत, तुमचा माणूस सापडला काय म्हणून. दर महिन्याले."

त्यांनी उत्तरांची पिशवी दाखवली. फार नव्हती. सर्वांत वरचं कार्ड कालच्या डाकेनं आलेलं होतं. काकूंचा चष्मा फुटला होता, म्हणून त्यांनी ते मला वाचायला दिलं.

विदर्भाबाहेरच्या कुठल्याशा गावातून एका बापानं लिहिलं होतं. मुलगा अजून सापडला नाही. आता घरातही कुणी त्याचा विषय काढत नाही. तुम्ही विचारता, बरं वाटतं. विचारत जा.

मी वाचून थांबलो. काकू माझ्याकडं पाहत होत्या.

"आता याले काय कळवायचं?" त्यांनी विचारलं.