वेशीवरचा बाबा नगरला कसा आला

“आदी आमचा बाबा द्या. मंग च्या घेऊ.”

पाटलांनी कप तसाच परत सरकवला. पाथर्डीकडच्या एका गावाहून ते पहिल्या एस.टी.नं अकरा माणसं घेऊन आले होते आणि म्युझियम उघडायच्या आधीपासून पायरीवर बसून होते. क्युरेटरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. मी खरंच काहीतरी भानगड करून बसलोय, असं साहेबांनाही वाटत होतं की काय?

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. नगरच्या एका नव्या म्युझियममध्ये मी मोल्डर होतो. मोल्डर म्हणजे साचे घेऊन प्लास्टरच्या प्रतिकृती करणारा माणूस. म्युझियम जरा वेगळं होतं. तिथं तलवारी नव्हत्या, नाणी नव्हती. गावाच्या वेशीवर, बारवेच्या पायरीवर, चावडीच्या भिंतीवर जे कोरलेलं-रंगवलेलं असतं, तेवढंच तिथं मांडायचं होतं. साहेब म्हणायचे, “रस्त्यावर असतं तोवर लोक त्यावर गोवऱ्या थापतात. छताखाली आणलं की चपला काढून बघतील.” मूळ वस्तू जागची हलवायची नाही, फक्त प्रतिकृती करायची, असा नियम होता. म्हणजे सगळा भार माझ्यावर.

पाटलांचा बाबा म्हणजे त्यांच्या वेशीजवळची वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. हा वीर कोण, कुणाशी लढला, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दर अमावास्येला त्याला शेंदूर आणि तेल लागायचं, आणि ते कित्येक पिढ्या. थरावर थर चढून बाबा गरगरीत झाला होता. हात नाही, पाय नाही. लालभडक गोळा आणि त्यात चांदीचे दोन मोठे डोळे.

साचा घ्यायचा तर हा शेंदूर काढावा लागतो. त्याला कवच उतरवणं म्हणतात, आणि ते गुरवाशिवाय कुणी करत नाही. बाबाची पूजा चार पिढ्या सखाराम गुरवाच्या घरात होती. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं बाबाला कौल लावला, कौल उजवा मिळाला, आणि स्वतःच्या हातानं त्यानं कवच उतरवलं. दोन बोटं जाड होतं. खालून एक शिडशिडीत जवान निघाला. कमरेला शेला, हातात तलवार, मिशीला पीळ. मी तर नाचायचाच बाकी होतो. दगडाला साबणाचं पाणी लावलं, म्हणजे प्लास्टर चिकटत नाही, आणि तुकड्या-तुकड्यांनी साचा घेतला. तो घट्ट होईपर्यंत सखाराम घरी जेवून आला. संध्याकाळी त्यानं बाबाला शेंदराचा नवा पातळ हात दिला आणि डोळे परत बसवले.

गावातल्या बायका आल्या, बघितलं, तोंडाला पदर लावून निघून गेल्या. मला तिथंच कळायला हवं होतं. पण साचे जीपमध्ये न फुटता कसे न्यायचे, या विवंचनेत मी होतो.

पुढची चूक अर्धी साहेबांची, अर्धी माझी. मी प्रत ओतली, तिला काळ्या दगडाचा रंग दिला. साहेब तिच्याभोवती दोनदा फिरले.

“जोशी, काम सुरेख आहे. पण लोक रोज बघतात तो बाबा कुठाय?”

कवच उतरवण्याआधी काढलेला फोटो माझ्याकडे होता. मी प्रतीवर प्लास्टरचे थर चढवले. त्यावर शेंदूर, तेल, मेण. पत्र्याचे डोळे कापून रुपेरी रंगवले. आठवड्याभरात बाबा पहिल्यासारखा गरगरीत झाला. इतका, की झाडणारी बाई दुसऱ्या दिवशी त्याला नमस्कार करून मग झाडायला लागली. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

मग त्या गावचा एक जण कोर्टाच्या कामाला नगरला आला. दुपारचं ऊन टाळायला म्युझियममध्ये शिरला, आणि समोर बाबा! संध्याकाळच्या गाडीनं बातमी गावात पोचली.

तिकडे वेशीवर तर परका माणूस उभा होता, मिशीवाला. शिवाय कवच उतरवल्यापासून पावसाचा थेंब नव्हता. तसा तो आधीच्या सालीही धड पडला नव्हता, पण ते कोण आठवतं? गावानं ठरवूनच टाकलं: गुरवानं बाबा नगरला विकला आणि जागेवर भलताच धोंडा उभा केला. सखारामची पूजा काढून घेतली. आज बाबा इथं सापडला तर त्यानं बायकापोरांसकट गाव सोडायचं, असं चावडीवर ठरवून ही माणसं आली होती. त्यालाही सोबत आणलं होतं. बाकीचे बाकावर बसले होते, तो दाराशी उभा होता.

संशय हा माझाही जुना रोग आहे. मला वाटलं, यांना कुणीतरी शिकवून पाठवलंय. नाहीतर सखारामनंच स्वतःच्या मानेवरचं माझ्या मानेवर ढकललंय. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे माझ्यासारखाच बघत होता.

“आधी बघून तर घ्या,” मी म्हणालो आणि सगळ्यांना हॉलमध्ये नेलं.

बारवेचे हत्ती, चावडीचे वाघ, कशाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बाबासमोर आले आणि सगळे एकदम आडवे झाले. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

“बगा, वळाकतोय आपल्याला,” तो म्हणाला.

“पाटील, हे प्लास्टर आहे,” मी म्हणालो.

“पलास्तर हाड मोडल्यावर लावत्यात मास्तर. आमाला नका शिकवू.”

“खरा बाबा तुमच्या गावातच आहे.”

“गावातल्याला मिशी हाय. आमच्या बाबाला कवा हुती मिशी?”

मी आत जाऊन फोटो आणला. त्यावरून सगळी हकिकत समजावून सांगता येईल, असं मला वाटलं. पाटलांनी तो माझ्या हातातून घेतला आणि प्रतीशेजारी धरला.

“ह्यो तुमचाच फोटू. आन ह्यो बाबा. कुठं फरक हाय, दावा.”

फरक नव्हता. तो राहू नये म्हणूनच तर मी आठवडाभर राबलो होतो.

“बरं, उचलून बघा. पोकळ आहे. दोघं जण सहज उचलतील.”

दोघं पुढे झाले. बाबा हलेना. मला विसर पडला होता. चोरीच्या धास्तीनं साहेबांनी तो लोखंडी पट्ट्या मारून, सिमेंट भरून भिंतीत पक्का करून घेतला होता.

“नकली हाय, तर येवढा जेरबंद कशापायी केला?” पाटलांनी विचारलं. त्यांचा आवाज आता खाली आला होता, आणि तेच जास्त वाईट होतं.

साहेब माझ्या कानाशी आले. “जोशी, पोलिसांना फोन करू का?”

“पोलीस येऊन काय करतील? तेही पाया पडतील.”

मी खिशातला चाकू काढला. नुसतं खरवडलं तरी आतून पांढरं दिसलं असतं. पण चाकू दिसताच अकराच्या अकरा माणसं ओरडली आणि पाटलांनी माझं मनगट धरलं. अजून दुखतंय असं वाटावं, असं धरलं.

“गुरवाबिगर बाबाला कुनी हात लावायचा न्हाई!”

“मग गुरवालाच लावू द्या की,” मी कळवळून म्हणालो.

पाटलांनी माझं मनगट सोडलं. सखाराम दारातून पुढे आला. वाट द्यावी लागली म्हणून लोकांनी दिली. तो माझ्याजवळ थांबला आणि इतक्या हळू बोलला, की फक्त मला ऐकू गेलं.

“मास्तर, मी जेवाया गेल्तो तवा तुमी येकटेच हुता. काय केलं न्हाई ना?”

मला राग आला. भयंकर राग आला. ज्याच्यासाठी मी मनगट पिरगाळून घेतोय, तोच हे विचारतोय? पण त्याचा चेहरा पाहिला आणि राग ओसरला. गावानं महिनाभर त्याला इतकं ऐकवलं होतं, की आपण काय केलं नि काय नाही याची त्या माणसालाच खात्री उरली नव्हती.

“नाही,” मी म्हणालो. “काही केलं नाही.”

“हातुडा हाय का?”

मी हातोडी दिली. साहेबांनी तोंड फिरवलं. पाटील म्हणाले, “सख्या, इचार कर.”

“इचार लई केला पाटील. पाप लागलं तर माज्या घराला लागू द्या.”

त्यानं हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलवले. पहिला घाव इतका हळू घातला, की शेंदूरसुद्धा उडाला नाही. दुसरा घाव खांद्याच्या जागी बसला. तिसऱ्याला तिथला मोठा तुकडा खाली आला आणि फरशीवर त्याचा भुगा झाला. आतून पांढरंफेक प्लास्टर, आणि मजबुतीसाठी त्यात घातलेला काथ्या लोंबत होता.

मग पाटील वाकले आणि काथ्याची एक बट चिमटीत धरून ओढली.

“काथ्या हाय,” ते म्हणाले.

एवढंच. सखारामची माफी कुणी मागितली नाही. माझी मागायचा तर प्रश्नच नव्हता. पाटील भिंतीकडे बघत म्हणाले, “उंद्यापासनं पूजा तुजी तू कर,” आणि चपला शोधायला लागले. सखाराम खाली बसून पंच्यात तुकडे गोळा करत होता. हे सगळं बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. आठवडाभराच्या कामाचा चुरा झाला म्हणून आलं, असं मी साहेबांना सांगितलं.

जाताना सखाराम पुन्हा माझ्याकडे आला.

“मास्तर, ह्यांचं झालं. पर बायकांनी, म्हाताऱ्यांनी हितला काथ्या बगितला न्हाई. त्येंना येशीवर मिशीवालाच दिसनार. आमच्या बाबाला आसं करून द्या.”

“मूळ दगडाला? नकलेसारखं?”

“व्हय.”

आमच्या धंद्यात याहून उलटं काम नाही. नक्कल मुळाबरहुकूम करायची, हे मी पहिल्या दिवशी शिकलो होतो. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “जा जोशी. आणि या वेळी फोटो काढू नका.”

मी गेलो. तीन दिवस फोटो धरून मी सांगायचो, इथं बोटभर, इथं दोन बोटं, आणि सखाराम मेण-शेंदूर कालवून थापायचा. आधी शेला गेला, मग तलवार, शेवटी मिशी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटलांची म्हातारी आई काठी टेकत आली. तिनं नीट निरखून पाहिलं, गालावरून हात फिरवला.

“आलास व्हय रं माज्या राजा? कुटं गेल्तास इतकं दिस?”

सखारामनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

म्युझियममध्ये मी साच्यातून दुसरी प्रत ओतली. या वेळी खरीखुरी, मिशीसकट. सिमेंट भरू दिलं नाही, आणि पाठीमागे तळहाताएवढा भाग बिनरंगाचा ठेवला. ज्याला शंका असेल त्यानं नखानं खरवडून बघावं. पुढे माझ्या प्रत्येक कामात मी अशी जागा ठेवत आलो. नक्कल करणाऱ्यानं इतकं चांगलं काम करू नये, की लोकांना संशय घ्यायलाही जागा उरणार नाही.

वर्षभरानं पाटील कशाच्या तरी कामाला नगरला आले, तेव्हा म्युझियममध्ये डोकावले. नव्या प्रतीसमोर बराच वेळ उभे राहिले. तलवार पाहिली, शेला पाहिला, मिशीचा पीळ पाहिला.

“झ्याक झालंय मास्तर,” ते म्हणाले. “कोनच्या गावचा हाय ह्यो?”