भिंतीवरची निळी रेघ

रहांगडाले मॅडम विषयाचा कागद आधी वाचायच्याच नाहीत. तो उलटा ठेवून, चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "पाहून आली का व?" गोंदियाच्या आमच्या कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवत, आणि तेही ठणठणीत झाडीबोलीत. विभागप्रमुखांनी एकदा प्रमाण भाषेवरून टोकलं, तर म्हणाल्या, "पोरायले समजून राहिलं ना? मंग तुमाले कायले तरास?"

एम.ए.च्या प्रकल्पासाठी प्रमुखांनी फळ्यावर दोन विषय लिहिले होते: वन्यजीव आणि रस्त्यावरची कला. "शहाण्यांनी पहिला घ्यावा," असंही वर सांगितलं. मी शहाणी! नागझिऱ्याचे वाघ लिहून मोकळी झाले.

"वाघ पाहिला?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"जंगलातल्या गावात राहिली?"

"नाही मॅडम."

"मंग सौंदडच्या स्टेशनापाशी खताची जाहिरात हाये, तिच्या कोपऱ्यात 'पेंटर शेंडे' लिवलं हाये. तो कोण?"

माझे कान तापले. ते माझे बाबा. भिंती रंगवणाऱ्याची पोर आहे, हे वर्गात मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

"काऊन व, लाज वाटून राहिली? त्याच भिंतीचं खाऊन मोठी झाली ना?"

असा राग आला बाईंचा! गाडीत, घरी सौंदडला पोचेपर्यंत रडले. पण दुसऱ्या दिवशी बाबांच्या सायकलमागे बसले ती दोन महिने बसले. बाबा अक्षरं वितीनं मोजत. नीळ लावलेली दोरी भिंतीवर ताणत आणि मधोमध धरून सोडत; फटकन रेघ उमटे. ताणायला दोन माणसं लागतात. दुसरं टोक इतकी वर्षं आईच धरत आली होती, आणि मी घरात असून मला ठाऊक नव्हतं.

वाघ सोडून बाबांच्या भिंतींवर प्रकल्प लिहिला, तर प्रमुखांनी सही नाकारली. "जाहिराती म्हणजे संशोधन नव्हे." सही नाही तर तोंडी परीक्षा नाही, म्हणजे वर्ष पाण्यात. मॅडम माझी फाईल घेऊन त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "वाघावरचे सातही प्रकल्प एकाच पुस्तकातून उतरवले हायेत. त्याच्यावर सही करता, न् हिच्यावर नाई? नका करू. मी इथंच बसून राहतो." पाच वाजेपर्यंत बसल्या. चहासुद्धा घेतला नाही. शेवटी सही झाली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक हसत म्हणाले, "सरळ रेघ पट्टीनेही येते. यात कला कोणती?" मी पिशवीतून बाबांची दोरी काढली खरी, पण दुसरं टोक कोण धरणार? मॅडम उठल्या. पदर कमरेला खोचला, टोक अंगठ्यानं भिंतीवर दाबलं. मी दोरी ताणून फटकन सोडली. विभागाच्या पांढऱ्या भिंतीवर या दारापासून त्या खिडकीपर्यंत निळी रेघ! प्रमुख ओरडले, "भिंत नासवली!" मॅडम परीक्षकांना म्हणाल्या, "लावा पट्टी."

पास झाले. चांगली पास झाले. आता त्याच विभागात शिकवते. ती रेघ कुणी पुसायला लागलं की मॅडम आडव्या यायच्या.

मॅडम वारल्या त्या वर्षी भिंतींना नवा रंग लागला आणि रेघ बुजली. रंग वाळल्यावर मी दोरी घेऊन गेले. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून खिळ्याला बांधलं. रेघ सरळ आली. खाली कोपऱ्यात नाव घातलं.

नवे प्रमुख भिंतीपाशी थांबले. "हा पेंटर शेंडे कोण?"

"मी," म्हटलं.