उन्हावरची गिरणी आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला माझी हरकत नाही. लेकीचं लग्न ठरवताना मी मुलगा पाहिला, घर पाहिलं, सासू पाहिली. सासऱ्यात काय पाहायचं म्हणून सोडून दिलं. साखरपुड्याच्या दिवशी मांडवाच्या खांबाला दिव्यांची माळ गुंडाळलेली दिसली, तसे हे गृहस्थ भरल्या ताटावरून उठले, खिशातून टेस्टर काढला आणि खांबाला लावून पाहिला. सगळी पंगत त्यांच्याकडं बघत राहिली. मग हात धुऊन परत बसले आणि जिलेबी मागितली. मला वाटलं, लेक कुठं दिली आपण.

गंमत अशी की हा माणूस नोकरीला लाइनमन होता. तरणेपणी पैठणच्या रस्त्यानं एकेका खांबावर चढून उतरलेला. पण मी ओळखायला लागले तेव्हापासून त्यांना स्टुलावर चढलेलंसुद्धा पाहिलं नाही. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी ऑफिसात रजिस्टरं लिहून काढली, असं लेक सांगायची. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. त्यांना लिफ्टची भीती, कुकरच्या शिटीची भीती, ओल्या हातानं दार उघडणाऱ्या पाहुण्याची भीती. मोबाइल चार्जिंगला लावला की शेजारी खुर्ची टाकून बसायचे, दूध उतू जाऊ नये म्हणून बाई बसते तसे. लेकीचं सासर आमच्याच गल्लीत; तिनं मिक्सर लावला की हे अंगणात. एकदा मी विचारलं, "व्याही, मिक्सर चावतो का?" तर म्हणाले, "चावणाऱ्याला तोंड तरी दिसतं, विहीणबाई. विजेला तोंड नाय."

आणि एक सवय तर अशी की मुकुंदवाडीच्या स्टेशनापासून आमच्या गल्लीपर्यंत लोक हसायचे. कुठंही खांबावर कुणी चढलेला दिसला की व्याही हातातलं काम टाकून तिथं हजर. वर बघायचे नाहीत. खालच्या डीपीच्या पेटीला, म्हणजे जिथून गल्लीची वीज चालू-बंद करतात तिला, पाठ लावून उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं तो चोर असल्यासारखं पाहायचे. एकदा एक साहेब गाडीतून उतरून म्हणाले, "आजोबा, बाजूला व्हा." व्याही म्हणाले, "वरचा माणूस खाली आला की होतो." दोन तास झाले. लेकीनं जेवणाचा डबा खांबापाशी नेऊन दिला. डाव्या हातानं भाकरी खाल्ली त्यांनी, पण पाठ पेटीवरून काढली नाही.

दिवाळी जवळ आली की त्यांना आणखी एक भीती धरायची. गल्लीतली दुकानं बंद पडतील, ही. रोज सकाळी टोपी घालून एक फेरी मारायचे आणि कुणाचं शटर अजून खाली आहे ते बघायचे. शिंप्याला उघडायला उशीर झाला तर त्याच्या घरी जाऊन विचारायचे, "जिवंत हायस ना?" त्या शिंप्याची नजर अधू झाल्यामुळं शर्टाची एक बाही आखूड व्हायची. व्याही दर दिवाळीला त्याच्याकडूनच शर्ट शिवायचे आणि आखूड बाहीचा हात खिशात घालून फिरायचे. पणत्या कुंभारणीकडून, त्याही इतक्या, की उरलेल्या वर्षभर लेकीच्या घरात मीठ, मोहरी, सेफ्टी पिना सगळं पणत्यांतच ठेवलेलं असायचं. रुखसानाच्या गादीच्या दुकानातून दरसाल गादी पिंजून घ्यायचे. रुखसाना म्हणायची, "अंकल, इसमें अब कापूस कम और मेरी मेहनत ज्यादा है." शेजारच्या एका बाईच्या हातात तयार चकलीची पुडी दिसली, तर यांनी रस्त्यात अडवून विचारलं, "कुठली?" ती म्हणाली, पुण्याची. "तुमाला ताप आला तर पुण्याची चकली बघायला येती का?" बाई चार महिने त्यांच्याशी बोलली नाही, पण दुसऱ्या वर्षी भाजणी घेऊन माझ्याकडं आली.

माझ्याकडं, म्हणजे माझ्या पिठाच्या गिरणीवर. आमचे मालक वारल्यापासून गिरणी मीच चालवते. माझं पोट बायकांच्या डब्यांवर आहे, आणि डब्यांचं नशीब दिवाळीच्या आठ दिवसांवर. त्या आठ दिवसांत गिरणी बंद पडली तर बाई पिठाची पुडी आणते. आणि एकदा पुडीची सवय लागली की तो डबा पुन्हा दिसत नाही. एका दिवाळीला असंच झालं. सगळ्यांनी दारोदार रोषणाई लावली, डीपी जळाली आणि दोन दिवस गल्ली अंधारात. अर्धी दळलेली भाजणी जात्यात तशीच अडकली. त्या वर्षी गेलेले काही डबे परत आलेच नाहीत. मी कुणाला बोलले नाही, पण त्यानंतर गिरणीचा आवाज जरा खाली आला तरी मी हातातलं टाकून जात्यापाशी धावायचे.

तेव्हा व्याही येऊन म्हणाले, "विहीणबाई, पत्र्यावर सोलरच्या प्लेटा टाका. उन्हावर गिरणी चालती."

"ऊन पापडाला लागतं," मी म्हणाले.

"तुमाला भ्या वाटतंय व्हय?"

"हे तुम्ही मला विचारावं?"

ते ओशाळले नाहीत. म्हणाले, "मला तर वाटतंच. म्हणून सांगतोय. लाईट गेली की दळणासाठी तुमी सगळ्या बाया फोन करकरून ओरडता. मग कुणीतरी घाईनं खांबावर चढतो. तुमची गिरणी उन्हावर चालली तर त्याला सावकाश चढता येईल."

मला ते त्यांच्या नेहमीच्या वेडातलंच वाटलं. पण जावयानं मनावर घेतलं आणि पत्र्यावर निळ्या प्लेटा आल्या. त्या दिवसापासून व्याह्यांनी माझ्या दारात खुर्ची टाकली. मान वर. ढग दिसला की आत आवाज द्यायचे, "थांबा, दाणे टाकू नका," आणि गेला की "टाका." शेजारणीच्या गच्चीवर वाळणारं लुगडं प्लेटांवर सावली टाकतं म्हणून तिच्याशी भांडले. कबुतराशी भांडले. "बोटभर सावली पडली की अख्खी ओळ झोपती," म्हणायचे. त्यांच्या भीत्यांची यादी माझ्यापाशी होतीच. तिच्यात मी ही एक घातली आणि विसरून गेले. इथंच माझं चुकलं.

पहिलीच दिवाळी. वसुबारसेला दोन दिवस असताना डीपी पुन्हा जळाली. सगळीकडं अंधार. सकाळी ऊन आलं तशी माझी गिरणी सुरू झाली. तीन गल्ल्यांच्या बाया डबे घेऊन आल्या, रांग पार रुखसानाच्या दुकानापर्यंत. दळताना मान वर करायला फुरसत नव्हती. संध्याकाळी एक बाई डबा उचलता उचलता म्हणाली, "काय बाई, सगळी वस्ती अंधारात अन् तुमची एकटीची गिरणी जोरात." ती भल्या मनानं म्हणाली असेल. पण मला ते शब्द खड्यासारखे टोचले. आता दृष्ट लागणार. एवढी गिरणी चालू द्यायला देव काही वेडा नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, कुणी उठायच्या आत, मी शिडी लावली. या वयात, पदर खोचून. प्लेटांच्या खालच्या कडेनं झेंडूचं जाड तोरण बांधलं, एकही प्लेट सुटू दिली नाही. मधोमध काळी बाहुली, तिच्या खाली लिंबू-मिरची. हळदीकुंकवाची बोटंही ओढली. उतरले तेव्हा जीव निवांत होता.

नऊ वाजले, ऊन लख्ख पडलं, रांग लागली. मी खटका टाकला. गिरणी नुसती कण्हली आणि थांबली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. आभाळात ढगाचं नाव नाही. रांगेतल्या बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या. हे गप्प होणं मला ओळखीचं होतं. रुखसानानं आत डोकावून विचारलं, "क्या काकी, चक्की बैठ गई?" मी म्हणाले, "बसेल, उठेल," आणि तिसऱ्यांदा खटका टाकला. एक बाई डबा उचलून मोठ्या रस्त्याकडं निघाली. मग दुसरी.  दृष्ट लागलीच, मी मनात म्हणत होते, बांधायला उशीर झाला.

व्याही खांबापाशी होते. डीपीवर माणूस चढला होता, म्हणजे हे जागचे हलणार नाहीत. तो उतरल्यावरच आले. खुर्चीत बसले, मान वर केली आणि तशीच राहिली.

"विहीणबाई, हे काय बांधलंय?"

"दृष्ट काढली."

"कुणाची? सूर्याची?"

 ते हसले असते तर मी शिडी घेऊन स्वतःच चढले असते. पण ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "तोरणाची सावली प्लेटांवर पडलीय. झोपल्यात सगळ्या. मरायला काय झालंय त्यांना." आणि मी शिडीकडं निघाले तसा त्यांनी माझा हात धरला. जन्मात पहिल्यांदा. "तुमी नाय. वर तारा हायती. अन् ऊन बंद करायला कुणाच्या हातात खटका नाय. मी चढतो."

रांगेत खसखस पिकली. भित्रे व्याही शिडी चढणार. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मीच पहिल्यांदा हसू आवरलं. त्यांनी आत जाऊन मोठा खटका पाडला, खटक्याच्या पेटीला कुलूप लावलं, पायात रबरी बूट घातले. मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.

"ही मुठीत धरायची. मी जमिनीवर पाय टेकवेपर्यंत कुणाला द्यायची नाय. मी वरून मागितली तरी नाय."

"तुम्ही कशाला मागाल?"

"मी नाय मागणार. पण कुणीतरी म्हणतं, झालं काम, टाका खटका." ते शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभे राहिले. "चिकलठाण्याच्या लायनीवर माझा जोडीदार वर होता. लक्ष्मीपूजनाची वेळ, लोक तगादा लावत होते. पेटीपाशी मी होतो. पाणी प्यायला गेलो, विहीणबाई. पाणी प्यायला. तेवढ्यात कुणीतरी टाकला."

एवढंच बोलले आणि चढले. दर पायरीला थांबत, आखूड बाहीच्या हातानं शिडी कवटाळत. पत्रा वाजला की मी मूठ आणखी आवळत होते. तोरण सुटत नव्हतं. मीच गाठी पक्क्या मारल्या होत्या. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "झालं की आजी, चालू करा ना." मी त्या बाईकडं असं पाहिलं की ती दोन पावलं मागं सरली. तेव्हा मला कळलं, खांबाखाली हा माणूस लोकांकडं तसा का बघायचा.

ते उतरले. दोन्ही पाय टेकले. मी मूठ उघडली तर किल्लीचे दात तळहातात उमटलेले. त्यांनी किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि बाहुली माझ्या हातात देत म्हणाले, "हिला दारावर बांधा. दारावर तिची सावली कुणाला नडत नाय." गिरणी उठली. गेलेल्या दोन्ही बाया परत आल्या. रुखसाना त्यांना कोपऱ्यावरून हाका मारून घेऊन आली होती.

आता व्याही पुण्याला असतात, लेक-जावयासोबत, अकराव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहतात, असं लेक सांगते. तिथं त्यांच्या इमारतीखाली दुकानं नाहीत, त्यामुळं सकाळी टोपी घालून कुठं फिरावं हे त्यांना समजत नाही. शर्ट अजून इथूनच शिवून जातो. मापं शिंप्याला पाठ आहेत, बाहीसकट.

दिवाळीच्या आधी प्लेटांवरची धूळ पुसावी लागते. माझ्याच्यानं चढवत नाही, रुखसाना चढते. मी खटका पाडते, कुलूप लावते आणि शिडीपाशी स्टूल टाकून बसते. कसं काय कळतं देव जाणे, पण त्याच वेळी फोन वाजतो.

"किल्ली?"

"मुठीत."

मग ते बोलत नाहीत, मीही बोलत नाही. फोन चालूच राहतो. वर पत्रा वाजतो, त्यांना तिकडं ऐकू जातो, त्यांचा श्वास मला इकडं ऐकू येतो. मला भीती वाटते, आणि ती वाटते हे त्यांना माहीत आहे. रुखसानाचा एक पाय जमिनीला लागतो, मग दुसरा.

"उतरली," मी म्हणते.

"बरं," ते म्हणतात, आणि मग फोन ठेवतात.