साखरपुड्याला लाल डोळे

लग्न ठरलं तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर एसीत बसून भिंगाखाली छोटे छोटे सुटे भाग बघायचे, कुठे चरा आहे का शोधायचा. संध्याकाळपर्यंत डोळे तांबारलेले, चुरचुरणारे. मुलाकडचे मनमाडचे. त्यांना मी पसंत होते, आणि मला तर तो इतका आवडला होता की घरात कुणापुढे बोलायची सोय नव्हती.

साखरपुडा जवळ आला तशी आईला धास्ती बसली. "असे डोळे घेऊन पाटावर बसलीस तर लोक म्हणतील, पोरगी रडतेय, जबरदस्तीनं देताहेत." नात्यातलं एक ठरलेलं लग्न अशाच कुजबुजीनं मोडलं होतं, म्हणून मीही घाबरले. कुणालाही न विचारता मेडिकलमधून लाली घालवणारे थेंब आणले. टाकले की डोळे पांढरेशुभ्र! थोड्या वेळानं पुन्हा लाल. पुन्हा थेंब. होता होता डोळे आधीपेक्षा लाल झाले, आणि मी आपली थेंब वाढवतेय.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडे गेले. "थेंब कसे टाकतेस, दाखव," त्या म्हणाल्या. मी बाटलीचं टोक सरळ पापणीला टेकवलं. बाई ओरडल्याच. टोक कशालाही लागता कामा नये. हात धुऊन खालची पापणी ओढायची, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं हलकेच दाबून धरायचा. आईही माझीच बाटली वापरते हे कळल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे लालीचे थेंब आजपासून बंद. त्यांनीच लाली वाढवलीय. मुळात तुझे डोळे कोरडे पडलेत, त्याला हे ओलाव्याचे थेंब. पण जुने सोडले की आधी लाली वाढेल, मग उतरेल."

"रविवारी साखरपुडा आहे हो!"

"रविवारपर्यंत नाही उतरणार."

आई म्हणाली, एवढा रविवार जुनेच टाक, सोमवारपासून ऐक डॉक्टरांचं. मोह मलाही झाला. पण डोळ्यांवर माझी नोकरी होती. बाटली कचऱ्यात टाकली आणि आईशी कडाक्याचं भांडले. लाली पुढे उतरली, पण त्या रविवारी नाही.

कुंकू लावताना मुलाच्या आत्यांनी माझी हनुवटी वर केली आणि त्यांचा हात तसाच थांबला. मागे कुजबुज सुरू झाली. "पोरी, खरं सांग," त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या मनाविरुद्ध तर नाय ना चाललं?"

आईचा चेहरा पडला. मला मात्र रागच आला, त्या कुजबुजीचा.

"आत्या, डोळ्यांचं औषध चालू आहे. आणि मुलगा मला पहिल्या दिवसापासून आवडलाय. मला हाच हवाय."

आवाज माझा मुळातच मोठा. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. बाबा खाली बघू लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात समोरून तो म्हणाला, "मग मलाही विचारा की कुणीतरी!"

आत्यांनी हसत हसत विचारलं. तो "हो" म्हणाला, आणि माझ्याइतक्याच मोठ्यानं म्हणाला.