हेर कधी विव्हळत नाही

माझ्या पुस्तकांतल्या हेराचे कान कुठून आले, असं वाचक विचारतात. आमच्या स्वयंपाकघरातून आले, असं मी सांगते. लोकांना ती थट्टा वाटते, पण रोज सकाळी तिथं पाटावर बसून माझे वडील, आबा, चहा फुरकतात आणि त्यांचे दोन्ही कान, कुस्त्या करून मोडलेले, चुरगाळलेल्या कणकेसारखे मिटून बसलेले असतात. लहानपणी मी विचारायची, यातून ऐकू कसं येतं? आबा म्हणायचे, "जे ऐकायचं तेवढंच येतंय."

त्या एका वाक्यावर माझी मालिका उभी राहिली. पन्हाळ्याच्या पायथ्याशी, शेकडो वर्षांमागं, कुस्ती सुटलेला एक म्हातारा पैलवान राहतो. कुठं खून पडला, कुठं दारूगोळ्याची चोरी झाली, की किल्लेदार त्याला गुपचूप बोलावून घेतो. हा तिथली चिमूटभर माती उचलून मोडक्या कानाशी धरतो आणि इथं शेवटचं कोण उभं होतं ते माती त्याला सांगते. पुढचं सगळं त्यानं आपल्या डोक्यानं शोधायचं. या हेराची चार पुस्तकं झाली आणि पाचव्याचं काम चालू होतं.

स्वभाव मी आबांचाच उचलला. दाराकडं पाठ करून बसायचं नाही, ही आबांची सवय. थंडाईत बडीशेप कमी पडली तर तोंड वाकडं करायचं, हीही त्यांचीच. आणि माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडं बघायचं. "तोंड काय बी बोलंल, पाय खोटं बोलत न्हाईत," असं ते प्रत्येकाला सांगतात. समोरचा पैलवान उजवीकडून येणार की डावीकडून, ते त्यांना म्हणे त्याच्या अंगठ्यावरून कळायचं.

एकच गोष्ट मी मनानं घातली. माझा हेर कधी विव्हळत नाही. बाण लागो, हाड मोडो, तो एवढंच म्हणतो, "मातीनं धरलंय, सोडंल." हे वाक्य वाचकांनी उचललं. संपादकांना तर इतकं आवडलं की त्यांनी ते मुखपृष्ठावर टाकलं.

आबा बरोबर याच्या उलटे. पायात काटा मोडला तर गल्ली गोळा व्हायची. ज्यांनी भल्या भल्या मल्लांना आसमान दाखवलं ते आबा इंजेक्शनची सुई बघितली की डोळे मिटून, केव्हाच वारलेल्या माझ्या आजीला हाका मारायचे. "आई गं, मेलो गं!" दवाखान्याबाहेर चपला सांभाळत उभी असलेली मी लाजेनं अर्धी व्हायची.

पुस्तकं वाचण्यातले आबा नाहीत. पण त्यांच्या जुन्या जोडीदारानं, जो आता आमच्या तालमीचा वस्ताद आहे, माझं पहिलं पुस्तक कट्ट्यावर मोठ्यानं वाचायला घेतलं. सकाळचा व्यायाम झाला की म्हातारे पैलवान गोलाकार बसायचे आणि वस्ताद वाचायचे. ज्या पानावर मारामारी नाही तिथंही ते एक घालायचे, यावरून मी त्यांच्याशी भांडले होते. मोडका कान आला, पायांकडं बघणं आलं, आणि कट्ट्यावरच्या सगळ्यांनी हेर ओळखला. त्या दिवसापासून तालमीत आबांना 'हेर' म्हणू लागले. पुढं दूधवालाही म्हणू लागला.

आबा खूश होते. मीही होते, खोटं कशाला बोलू? पण हळूहळू आमच्या घरातला आरडाओरडा कमी झाला. एकदा कढत चहा पायावर सांडला. आबांनी पाय झटकला आणि नुसतंच खिडकीबाहेर बघत राहिले. आई आणि मी तोंडाला पदर लावून हसलो. नंतर एकदा गाडीच्या स्टँडमध्ये त्यांचा अंगठा सापडला, नख काळंनिळं झालं, तरी शब्द नाही. "सुधारलं म्हातारपणी," आई म्हणाली. आपल्या लिखाणानं माणूस बदलतो, याचा मला चक्क अभिमान वाटला.

तो रविवार होता. मी माडीवर पाचव्या पुस्तकाचं प्रकरण लिहीत होते. हेराच्या खांद्यात बाण रुतलेला आहे आणि तो तसाच गड चढतो आहे, असा प्रसंग. चांगला जमला होता, म्हणून चहा घ्यायला खाली आले.

स्वयंपाकघरात आई ओट्याला कंबर टेकवून, एका पायावर भार देऊन उभी होती. ती नेहमी तशीच उभी असते. सोप्यात चटईवर आबा पालथे पडले होते आणि वस्ताद त्यांच्या डाव्या खांद्याला तेल चोळत होते. तालमीतून आज लवकर परत आलेत, एवढंच आई म्हणाली.

"काय झालं?"

"खांदा धरलाय," वस्ताद म्हणाले. "हात बी जड पडलाय म्हणतोय. लचक आसंल. आत्ता मोकळा करतो बघ."

आमच्याकडं हे असंच असतं. पैलवानाच्या घरात दुखण्याला एकच औषध, तेल आणि वस्तादाचा अंगठा. ताप असो, कावीळ असो, आधी रगडायचं आणि मग बघायचं. मी चहाचा कप उचलला आणि सहज आबांच्या पायांकडं नजर गेली. ती सवय त्यांनीच लावलेली.

दोन्ही पायांची बोटं चटईत रुतली होती. आखाड्यात जीव खाऊन तग धरणाऱ्या माणसाची रुततात तशी. मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. घाम होता, आणि तो गार होता.

"आबा, दुखतंय का?"

"न्हाय."

"छातीत काय होतंय का?"

त्यांनी मान वळवली. चेहरा राखेच्या रंगाचा. ओठ हलले आणि ते म्हणाले, "मातीनं धरलंय, सोडंल."

हे वाक्य माझ्या बापाचं नव्हतं, ते मी माडीवर बसून लिहिलं होतं.

"वस्ताद, हात काढा," मी म्हणाले. "दवाखान्यात न्यायचंय."

"अगं, पैलवान गडी हाय त्यो! छातीला काय हुतंय त्याच्या? दगडाची हाय ती."

"हात काढा म्हणते ना!" मी एवढ्यानं ओरडले की समोरच्या घरातली बाई दारात आली. वस्तादांचा हात निघाला. तिच्याच नवऱ्याची रिक्षा होती, ती दारात लागली.

आबांना आम्ही दोघांनी धरून बसवलं. आई दोन्ही हातांनी दांडी धरून, थांबून, शेवटी चढली. "लवकर गं!" मी तिच्यावर खेकसले. वस्ताद पुढं रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धे बाहेर लोंबकळत बसले. रविवार असल्यानं देवीच्या दर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या गाड्यांनी बिंदू चौक तुंबला होता. वस्ताद उतरून पुढच्या गाड्यांवर थापा मारत ओरडत होते, "सरक की पावणं! पेशंट हाय!" आबा बाहेर बघत होते, अगदी शांत. मला त्या शांतपणाचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. डॉक्टर तरुण होता, पण घाईत नव्हता. पट्टीकडं बघून तो म्हणाला, "यात स्पष्ट काही दिसत नाहीये. कधीकधी सुरुवातीला दिसत नाही. रक्त तपासायला पाठवतोय. बाबा, तुम्ही मला नीट सांगा, केव्हापासून दुखतंय? कसं दुखतंय?"

"जरा भरल्यागत वाटतंय," आबा म्हणाले. "आत्ताच. काय एवढं न्हाय."

"हातात कळ जाते?"

"न्हाय."

"पित्ताचा त्रास आहे का?"

"असंल."

डॉक्टरनं लिहून घेतलं. मी त्याचा हात पेनासकट धरला आणि म्हणाले, "हे खोटं बोलतायत." तो माझ्याकडं बघू लागला. पेशंट स्वतः नाही म्हणतोय आणि मुलगी हो म्हणतेय, यात त्यानं कुणाचं ऐकायचं? आबा पलंगावर पडून छताकडं बघत होते. चादरीखाली पायांची बोटं आवळलेली होती.

"आबा, सांगा त्यांना."

"काय सांगू? मातीनं—"

"माती बिती काय नाही इथं!" मी म्हणाले. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. "तो हेर तुम्ही नाही. ऐकताय का? तो मी रचलाय. त्याचे कान तुमचे आहेत, पण हे तुमचं नाही. तुम्हाला काटा लागला तर गल्ली गोळा होते. सुईला घाबरून तुम्ही आजीला हाका मारता. तुम्ही रडके आहात आबा, आख्ख्या तालमीत सगळ्यात रडके!"

आबांच्या पायांशी वस्ताद उभे होते. चार पुस्तकं त्यांनीच कट्ट्यावर वाचून काढली होती. त्यांनी मान खाली घातली. आबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. कुस्ती हरल्यावरही मी त्यांचा असा चेहरा कधी बघितला नव्हता. आपण भर माणसांत बापाच्या डोक्यावरचा फेटा ओढला, असं मला वाटलं. पण शब्द परत घ्यायची माझी तयारी नव्हती.

मग त्यांची हनुवटी थरथरली.

"आई गं," ते म्हणाले. आधी हळू, मग ज्या आवाजानं पूर्वी आमची गल्ली गोळा व्हायची त्या आवाजात. "आई गं, मेलो गं! काल दिवं लावायच्या टायमाला पैल्यांदा आली कळ. रातभर हुतं. आज तालमीत हौद्याच्या मातीतनं उठता येईना मला. छातीवर कोण बसलंय रं, उठवा त्याला!"

"हातात जाते कळ?" डॉक्टर जवळजवळ ओरडलाच.

"जातीया! जबड्यात बी जातीया!"

मग सगळं एकदम हललं. दुसरी पट्टी निघाली, जिभेखाली गोळी गेली, मोठ्या डॉक्टरांना फोन गेला. पलंगाची चाकं वाजत वरच्या मजल्याकडं निघाली आणि आबांचा आवाज लिफ्टचं दार लागेपर्यंत ऐकू येत राहिला. मी जिन्यानं धावले. आई मागं राहिली, कठडा धरून एकेक पायरी चढत. इतका वेळ आबा ओरडत होते तोवर मला धीर होता, पण वर त्यांना आत नेऊन खोलीचं दार लावलं आणि तो आवाज तुटला. मी तिथंच फरशीवर बसून रडले.

नळी घालून अडकलेली रक्तवाहिनी मोकळी केली. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. वस्तादांनी त्यांचे दोन्ही हात धरले, आणि मग स्वतःच्या तेलकट हातांकडं बघून पटकन सोडले.

आबा घरी आले आणि घर पूर्ववत गजबजलं. उशी टोचते, गोळी कडू लागते, पंखा वाजतो. येणाऱ्याजाणाऱ्याला ते छातीवरचं दुखणं हातवारे करून सांगायचे. माझ्याशी मात्र बोलत नव्हते. पाचव्या पुस्तकाचं प्रकरण मी फाडून टाकलं होतं, हे मला त्यांना सांगायचं होतं, पण ते माझ्याकडं बघतच नव्हते.

एका दुपारी मी औषध द्यायला गेले तर ते भिंतीकडं बघत म्हणाले, "मग त्या हेरात माझं काय हाय?"

"कान आहेत. माती आहे. पाय बघणं आहे. दाराकडं तोंड करून बसणं. थंडाई. सगळं तुमचंच आहे आबा."

"आन् ते, न विव्हळणं?"

"ते मी मनानं घातलं."

ते माझ्याकडं वळले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत जुना मिश्कीलपणा दिसला. "मनानं? येडी का खुळी? घरातच बघून घातलंयस की. मी म्हंटलं हिला ठावं हाय."

तेवढ्यात आई पेजेची वाटी घेऊन दारात आली. उंबऱ्याशी ती थांबली, चौकट धरली, एक पाय आत टाकला आणि मग दुसरा ओढून घेतला.

"पाय बघ," आबा हळूच म्हणाले.

मी बघितले. डाव्या पायाची बोटं फरशीत रुतली होती, त्या दिवशी चटईत आबांची रुतली होती तशीच. वर लुगड्याच्या काठाखाली घोटा सुजलेला. ओट्याला टेकलेली कंबर, रिक्षाची दांडी, जिन्याचा कठडा, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी हिच्यावर खेकसले होते.

मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि तिला खाटेवर बसवलं. "आई, पाय दुखतोय ना?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "जरा आखडलाय. सुटंल."

आबांनी डोळे मिटून घेतले. मी खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला. गुडघ्याला हात लागताच तिनं ओठ आत ओढले, पण आवाज काढला नाही.

"कधीपासनं दुखतोय?" मी विचारलं. ती इकडंतिकडं बघू लागली. मी पाय सोडला नाही. पुन्हा विचारलं.

"तुझं पैलं पुस्तक आलं न्हाय का," आई म्हणाली, "त्याच्या बी आदीपासनं."