ओल्या आंब्याची चाकं

काम झालं की भाऊ ते गालाला लावत. पाळण्याची दांडी असो, लाटणं असो, लाकडी बैलाचं चाक असो. डोळे मिटून गालावर घासायचे आणि म्हणायचे, "हाताले घट्टे पडले, ताई. हात खोटं सांगते, गाल नाई सांगत." दाढीच्या पांढऱ्या खुंटांतून त्यांना काय कळायचं देव जाणे, पण गालाला न पटलेलं चाक परत मशीनवर चढलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

नालवाडीच्या त्या शेडमध्ये आम्ही चौघं काम करायचो. एक सुतार, एक पॉलिशवाला, लाकडी बैल रंगवणारी मी, आणि खरादकाम करणारे, म्हणजे मशीनवर लाकूड फिरवून गोल आकार काढणारे भाऊ. त्यांचं खरं नाव शेडमध्ये कुणी घेत नसे.

गिऱ्हाईक काहीही घेऊन येवो, भाऊंचं उत्तर ठरलेलं. "होते नं, काऊन नाई होत?" एका बाईंना पलंगाचा मोडका पाय नवा करून हवा होता. नमुना म्हणून त्यांनी मोबाइलमधला फोटो आणला, तर त्यात पलंगावर त्यांचा नवरा घोरत पडलेला. भाऊंनी नवऱ्याला बाजूला ठेवून पाय तेवढा हुबेहूब उतरवला. सुताराचं तर विचारूच नका. "भाऊ, एवढं गोल करून द्या" म्हणत आपली अर्धी कामं तो त्यांच्या गळ्यात घालायचा. त्यालाही तेच, होते नं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात, मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे घेतात. त्या वर्षी शेडचे मालक स्वतः आले. नातवाचा पहिला तान्हा पोळा होता. बैल सागवानी घेतला होता, पण चाकं त्यांना बांधावरच्या आंब्याची हवी होती. त्यांच्या वडिलांनी लावलेलं ते झाड नुकतंच पाडलं होतं.

भाऊंनी ओंडक्याला गाल लावला. "थंड हाये, मालक. ओलं हाये. आज चाक गोल दिसन, ऊन लागलं का उलन. वाळू द्या, पुढच्या पोळ्याले देतो."

"मले यंदाच पायजे."

"मंग नाई होत."

हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मालक गेल्यावर सुतार त्यांच्यावर उखडला. "डोकं फिरलं काय भाऊ? शेड त्याची हाये! बाहेर काढलं तं कुठं जाऊ आपण?" भाऊ म्हणाले, "लाकडाले काय मालूम, शेड कोनाची हाये?"

दुसऱ्या दिवशी ते बायकोला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायला गेले. तेवढ्यात सुताराने स्वतः मशीन चालू केलं आणि त्याच ओंडक्याची चार चाकं काढली. मी हटकलं, तर म्हणाला, "तुमी तुमचा ब्रश पाहा, ताई." भाऊ परतल्यावर त्यांनी एक चाक गालाला लावलं. "लावू नको रे बैलाले," एवढंच म्हणाले. सुताराने लावलं.

तान्ह्या पोळ्याला कडक ऊन पडलं. मिरवणूक चौकात आली आणि एक चाक उलून त्याचे दोन तुकडे झाले. बैल तोंडावर आपटला. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं आणि माणसं हसली. पोराच्या रडण्यापेक्षा ते हसणं मालकांना जास्त लागलं असणार.

संध्याकाळी ते शेडमध्ये आले. "खराद कोनाची हाये इथं?" पॉलिशवाल्याने भाऊंकडे बोट दाखवलं. भाऊ सुताराकडे बघत राहिले. एक शब्द पुरला असता. सुतार खाली वाकून खिळे शोधत होता, आणि खिळे तर समोरच्या डब्यात होते.

मीच बोलले. काय घडलं ते सगळं सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मले समजते, बाई. पन सुतार माह्या नव्या घराचे दरवाजे करून राह्यला. कोनाले तं काढा लागते, नाई तं लोक काय म्हनतीन?"

अजूनही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. भाऊंनी मात्र आपली हत्यारं फडक्यात गुंडाळली, मशीनखालचा भुसा झाडून काढला आणि चपला घातल्या. आमच्यापैकी कोणाचाच निरोप घेतला नाही. मशीनवर आता सुतार आपला शर्ट टांगतो, आणि माझ्या बैलांना नागपूरहून प्लॅस्टिकची चाकं येतात.

परवा सिंदी रेल्वे गावच्या बाजारात ते दिसले. मेव्हण्याच्या वाडीतली वांगी विकत बसले होते. मला पाहून हसले. मी म्हटलं, "भाऊ, एका बैलाला चाकं हवी होती. कराल?"

"होते नं, काऊन नाई..."

बोलता बोलता ते थांबले. हातातलं वांगं त्यांनी गालापर्यंत नेलं होतं, ते हळूच तराजूत ठेवलं.

"किती देऊ, ताई?"