वंगाळ बोलणारे भाऊजी

भाऊजी गेल्याचं शेजारच्या काकूंनी दारातूनच सांगितलं. फोन त्यांच्याकडे आला होता. ठाण्याहून डोंबिवलीला पोहोचेपर्यंत भाऊजींवरचा एकही राग मला नीट आठवेना... आणि रागावले तर मी किती वेळा होते!

वसंतभाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. गोदीत जहाजांवरची सुरक्षेची साधनं तपासायचं त्यांचं काम. जीवरक्षक जॅकेटं, आग विझवायची नळकांडी, इंधनाच्या टाक्या, सगळं नियमात बसलं तरच सही. कप्तान चिडो नाहीतर पाया पडो. घरी मात्र माणूस कमालीचा भिडस्त. ताई आमटीत मीठ विसरली तरी पानावरून उठेपर्यंत ब्र काढायचे नाहीत. "तुमची तपासणी फक्त लोखंडाचीच का हो?" असं मी चिडवायचे, आणि ते नुसते हसायचे.

कोलशेतचे हिराजी कोळी हे त्यांचे जिवलग मित्र. आमच्या शाकाहारी ताईच्या दारात खाडीतल्या निवट्या माशांची पिशवी घेऊन खुशाल उभा राहणारा तो एकच माणूस. रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा हिराजींनी होडीचं मशीन घरच्या स्वयंपाकाच्या गॅसवर करून घेतलं. मोटारी गॅसवर करून देणाऱ्या एका गॅरेजवाल्याने ते काम केलं. मशीनच्या पूजेला आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. भाऊजी होडीत चढले, मशीनपुढे वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. केवढी ही भक्ती, असं मला वाटलं. ते वास घेत होते, हे मागाहून कळलं. गाडीतून गळलेला गॅस वाऱ्यावर निघून जातो. होडीत तो हवेपेक्षा जड म्हणून फळ्यांखाली उतरतो आणि तिथेच साचून राहतो. मोठ्या जहाजांना त्यासाठी नियम होते. हिराजींच्या होडीला, भाऊजी म्हणायचे, एकही नव्हता.

"हिराजी, त्या खालच्या फळ्या जरा..." त्यांनी सुरुवात केली होती. पण हिराजींच्या आईने लगेच हात वर केला. "सायब, आज पूजा हाय. आजचे दिवशी वंगाल बोलायचा नाय!"

होडी निघायची होती दुसऱ्या दिवशीच्या भरतीला. भाऊजी म्हणाले, "बरं, उद्या सकाळी येतो, मग बोलू." प्रसाद घेतला, हात धुवायला वळले. तेवढ्यात पाहुण्यांना मशीनचा आवाज ऐकवावा म्हणून हिराजींनी एकट्याने होडीत जाऊन चावी फिरवली...

स्फोटानंतर हिराजी सापडले ते दुसऱ्या दिवशी, ओहोटी लागल्यावर. भाऊजी सकाळी येतो म्हणाले होते, तसे आले होते.

त्यानंतर हा माणूस कधी गप्प बसला नाही. माझ्या लेकीच्या लग्नात, कल्याणच्या हॉलवर, ऐन मंगलाष्टकांत जिन्याखालून ओरडले, "आधी हे सिलिंडर बाहेर काढा, मग सावधान म्हणा!" व्याह्यांचे चेहरे अजून डोळ्यांपुढे आहेत. बारशाला, साखरपुड्याला, कुठेही जातील तिथे आधी स्वयंपाकघरात शिरून जमिनीशी नाक लावतील. लोक आमंत्रण द्यायला कचरू लागले. मीही कित्येक दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

ताईच्या स्वयंपाकघरात त्यांनी स्वतः छिन्नी घेऊन भिंतीला अगदी जमिनीलगत विटेएवढं भोक पाडलं. गॅस गळलाच तर बाहेर जायला. त्यातून उंदीर यायचे. रोज रात्री ताई त्यात चिंध्या कोंबायची आणि रोज पहाटे भाऊजी त्या उपसून काढायचे. यावरून त्या दोघांत एका शब्दाचंही भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

परवा दुपारी ताईकडे गेले होते. भोक उघडंच होतं आणि चिंध्या धुऊन, घडी करून ओट्यावर ठेवलेल्या होत्या. एक उंदीर आत डोकावला, तशी मी चिंधी घेऊन खाली वाकले.

"राहू दे गं ते उघडंच," ताई म्हणाली. "आता वेळेवर बोलणारं घरात कोणी नाही."

मी चिंधी परत ओट्यावर ठेवली.